चाचणीचा एक ताला

आमच्या गावाला ऑनलाइन बँकिंग कोणी शिकवलं? मी, या सेफोने! आपियातल्या बँकेत बावीस वर्षं खिडकीमागे बसलोय, उगाच नाही!

सामोआत आमच्याकडे दर रविवारी कोणत्या घराने किती अर्पण केलं, ते चर्चमध्ये नाव घेऊन मोठ्याने वाचतात. शेजारच्या मालाकीचा आकडा कायम माझ्या वर. तीनशे ताला, आमच्या चलनात! त्यात यंदा नवा डीकन, म्हणजे चर्चचा मानाचा कारभारी, निवडायचा होता. माझ्या बायकोने, लांगीने, डीकनच्या बायकोला शोभेल अशी टोपी आधीच आणून ठेवलेली.

छाप पाडायची तर काहीतरी नवं हवं. मी पाद्रीबाबांना पटवलं, अर्पण फोनवरून घ्या! चार संध्याकाळी गावाची शिकवणी घेतली. "आधी चाचणीला एकच ताला पाठवायचा. पोचला की मग बाकीचे. घाई करायची नाही!"

रविवारी खजिनदार यादी घेऊन उठला.

"इओआनेचं घर, एक ताला. तुइलागीचं घर, एक ताला..."

सोळा घरं, सोळा ताला! 'पैसे पोचले' असा निरोप आल्यावर सगळे निवांत झोपले होते. पोरांनी तर तालाबरोबर हसरे चेहरेही धाडलेले. फुआतिनो आजीने फोनच अर्पणाच्या टोपलीत टाकला.

"काय असतील ते काढून घ्या, नि फोन परत द्या. दुपारी ऑकलंडहून लेकीचा फोन यायचाय!"

पाद्रीबाबा माझ्याकडे बघायला लागले. मी निश्चिंत! शुक्रवारीच थेट पाचशे पाठवले होते मी. चाचणी नवख्यांनी करायची.

"सेफोचं घर," खजिनदार अडखळला. "काहीच नाही."

लांगीची टोपी थरथरली. "अहो, काहीच नाही म्हणजे?"

"मालाकीचं घर," त्याने रोख पैशांचं पाकीट फोडलं, "आठशे!"

टाळ्याच टाळ्या! मालाकी उभा राहिला. "तीनशे माझे. पाचशे शुक्रवारी अचानक खात्यात आले. नाव दिसलं नाही, पण आमची लेक फेतू ऑकलंडला आहे, दुसरं कोण पाठवणार?"

मी प्रार्थनेच्या पुस्तकाआड फोन उघडला. गेल्या महिन्यात मालाकीकडून डुक्कर घेतलं, तेव्हा त्याचं खातं यादीत घातलं होतं. बरोबर चर्चच्या वर! माझा अंगठा एक ओळ चुकला होता.

मालाकी डीकन झाला. बँकेतला माणूस चुकला, हे सांगू तरी कोणत्या तोंडाने?

संध्याकाळी तोच पानात गुंडाळलेलं डुकराचं मांस घेऊन आला. "सेफो, मीही फोनवरून पाठवून बघतो रे, जरा लक्ष ठेव. पोरीला थोडे परत पाठवतो."

"तिचा खाते क्रमांक?"

"तो कशाला? पाचशे ज्या खात्यातून आले, त्याच खात्यावर!"

"अरे, थांब थांब!"

"थांबायचं काय त्यात? आधी चाचणीचा एक ताला. तूच शिकवलंस ना!"

माझ्या खिशात फोन टिणटिणला.

मालाकीने खिशाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आणि असा हसत सुटला की मांसाचं पान हातातून पडलं.

पाचशे? देवाला पोचलेले पैसे मागणार कोणाकडे! लांगी टोपी घालते, पण परगावी जाताना. आणि मला गावात आता सेफो म्हणून कोणी हाक मारत नाही. "काय फेतू, बाबा बरे आहेत ना?" म्हणतात!