सखाभाऊंची मुंबई

मुंबईला नावं ठेवणाऱ्या माणसाला सखाभाऊ टांग्यातून खाली उतरवायचे. मग तो शेठ असो, वकील असो की दम्यानं बेजार झालेला म्हातारा. लोणावळ्याला हवापालटासाठी आलेला मुंबईकर टांग्यात बसला की पहिला श्वास छातीभर घेतो आणि दुसऱ्या श्वासाला मुंबईला शिव्या घालतो. तेवढ्यात सखाभाऊ लगाम ओढत.

"उतरा खाली. हितली हवा लय ग्वाड हाय नव्हं? खात खात जावा पायी."

भाडं मात्र मागत नसत.

मलाही त्यांनी उतरवलं आहे. माझी उमेदीची वर्षं मुंबईत मास्तरकी करण्यात गेली. एका खोलीत आम्ही पाळीपाळीनं झोपायचो, आणि नळाला पाण्याआधी भांडण यायचं. हे सांगितल्यावर सखाभाऊंनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं.

"मास्तर, तुमी तितं निस्तं ऱ्हायलात. बघितली न्हाई. म्या बघितलीया."

बघितली होती ती एकदाच. एका बंगलेवाल्या शेठचं सामान पोचवायला ते गेले. शेठनं खूश होऊन चार दिवस ठेवून घेतलं, मोटारीतून फिरवलं. तेवढ्या भांडवलावर सखाभाऊ वर्षानुवर्षं मुंबई सांगत. शेठच्या घरचा नळ, बटण दाबलं की लागणारा दिवा, गच्चीवरचा समुद्राचा वारा. राणीच्या बागेतला वाघ हा तर त्यांचा हुकमी पुरावा.

"वाघाला बसल्या जागी मटान देत्यात. जितं वाघ उपाशी न्हाई, तितं मानूस कसा मरंल?"

आम्ही सगळे हसायचो. त्यांच्या गावी, औंढ्यात, बायको गऊबाई तेवढी हसत नसे. मुंबईहून परतल्या परतल्या सखाभाऊंनी एकुलत्या एका लेकाला, मारुतीला, गिरणीत धाडलं होतं. ती उंबऱ्यात आडवी बसली होती.

"त्याला धाडू नगा. भात लावंल, गुरं राखंल, हितंच ऱ्हाईल."

"तुला काय ठावं? म्या बघितलीया," म्हणत त्यांनी तिला बाजूला सारलं.

मारुती सुरुवातीला सणाला यायचा, दर खेपेला थोडा वाळलेला. पुढं यायचाच थांबला. तेव्हापासून सखाभाऊ फारच माणसं उतरवू लागले. बाजाराच्या रस्त्यानं सूटबूट घातलेले मुंबईकर बॅगा घेऊन पायी चाललेले दिसले, की टांगा कुणाचा ते विचारावं लागत नसे.

एका थंडीत सांगावा आला की लेक येतोय. औंढ्याच्या शाळेत माझं काम होतं, म्हणून मीही टांग्यात पुढे बसलो. मुंबईची गाडी आली. गिरणीतल्या दोघा सोबत्यांनी मारुतीला हातांवर उचलून मागं ठेवलं आणि ते माघारी गेले. तो सारखा खोकत होता. तोंडाशी धरलेल्या फडक्यावर रक्त होतं.

वाटभर सखाभाऊच बोलत होते. "हवा लागली की बरा व्हशील. मग जा माघारी. शेठला सांगून चांगली खोली बघू. वाऱ्याची."

मागून अगदी हळू आवाज आला. "आबा, मुंबई लय वाईट हाय."

लगाम ओढला गेला. घोडी थांबली. मी मागं वळून त्या पोराचा हात घट्ट धरला.

सखाभाऊ स्वतःच खाली उतरले. डोक्याचं मुंडासं सोडून लेकाच्या मानेखाली घातलं आणि घोडीला धरून चालू लागले. औंढं अजून बरंच लांब होतं.

"सखाभाऊ, वर बसा," मी म्हटलं.

"नगं मास्तर. म्या पायीच येतो."

घर दिसू लागलं. गऊबाई दारात उभी होती. तिला पाहून त्यांचे पाय अडखळले, पण ते मान खाली घालून चालत राहिले.

मारुती त्याच थंडीत गेला. पुढं टांग्यात बसून मुंबईला कुणी काहीही बोललं तरी सखाभाऊ नुसतं "व्हय" म्हणत. पण घरी जाताना, मारुती बोलला होता त्या जागी ते खाली उतरत आणि तिथून घरापर्यंत पायी जात. टांगा रिकामा असला तरी.