गाडीला अजून सांगितलेलं नाही

परदेशातली कंपनी बंद पडून मगदूमांची मोटारसायकल कायद्यानं अनाथ झाली, त्याला आठ दिवस झाले होते; आणि ही बातमी गाडीला अजून कुणीच सांगितलेली नव्हती, या काळजीनं मृदुलाच्या डोळ्याला आठही रात्री डोळा लागला नव्हता.

सांगलीत तशी गाडी एकच. हातानं बनवलेली, लालभडक, म्हशीएवढी वजनदार. हळदीच्या पेढीवर बसणाऱ्या तिच्या नवऱ्यानं, भरतेशनं, ती लग्नाआधी ठरवली आणि लग्नानंतर आणली, तेव्हा मृदुलानं तीन दिवस अबोला धरला होता. पण तेव्हा गाडीला मागं कुणीतरी होतं. आता नाही म्हटल्यावर तिला एकदम गाडीच्या हँडलचा बाक दिसायला लागला. खांदे पाडून उभी असल्यासारखा.

अनाथ वाहन संगोपन कार्यालयाचा अर्ज तिनंच भरला. ‘पालकत्वाचा पूर्वानुभव’ या रकान्यात ‘चार वर्षं सात महिने, यशस्वी’ असं लिहिलं आणि मग ‘यशस्वी’ खोडलं. खाडाखोड दिसायला नको म्हणून नवा अर्ज आणला.

गुरुवारी अकरा वाजता गृहभेट अधिकारी हणबर आले. चपला दाराबाहेर काढून सरळ पार्किंगमध्ये अनवाणी गेले. गाडीला आधी नमस्कार, मग माणसांना.

“साहेब, गाडी आमचीच आहे हो. सगळे कागद आहेत,” भरतेश म्हणाला.

“कागदं सगळ्यांचीच असतात. सांभाळतं कोण?”

भरतेशनं बायकोकडे बघितलं.

“मग तुम्ही चहाचं बघा,” हणबर म्हणाले, आणि भरतेश चहाचं बघायला गेला. त्यांची साडेचार वर्षांची मुलगी ऋजुता पायरीवर बसून राजगिऱ्याचा लाडू खात होती. तिला कुणी जा म्हटलं नाही.

हणबरांनी फाइल उघडली. “सकाळी उठताना त्रास देते?”

“खोकते. पहिल्यांदा दोनतीनदा.”

“मग?”

“मी थांबते. घाई केली की जास्त खोकते.”

“स्क्रीनसमोर किती वेळ?”

“स्क्रीन तिला जन्मापासूनच आहे,” मृदुला ओशाळून म्हणाली. “कंपनीनंच लावलेलं वळण.”

“अशा घरची लेकरं अशीच,” हणबर लिहीत म्हणाले. “हे बघा वहिनी, तुमच्याबरोबर आणखी एक अर्ज आलाय. पुण्याचे गृहस्थ आहेत. अशा अकरा अनाथ गाड्या सांभाळतात. एसी हॉल, पुसायला रोजचा माणूस.” त्यांनी फोटो दाखवला. अकरा गाड्या ओळीनं उभ्या, सगळ्यांची तोंडं भिंतीकडे.

“यांना बाहेर कोण नेतं?”

“बाहेर नेत नाहीत. जपतात.”

मृदुलानं फोटो परत दिला. ही गाडी या घरातून जाणार नाही. आपण चांगल्या आई आहोत का, हा प्रश्न नंतर बघू.

“पुढचं विचारा,” ती म्हणाली.

“कंपनी गेल्याचं गाडीला सांगितलंत?”

मृदुला हातानं आरशावरची धूळ पुसायला लागली.

“विचारलं असेल की तिनं.”

“स्क्रीनवर येतं ना, कंपनीशी संपर्क होत नाही म्हणून. मी म्हटलं, गावाला गेलेत सगळे. रेंज नाही तिकडं.”

“सगळेच असं म्हणतात,” हणबर म्हणाले. “माझ्या आजोबांना जाऊन तीस वर्षं झाली. मला अजून वाटतं, येतील एसटीनं.” त्यांनी पेनचं टोपण लावलं. “नियमानं आता माझ्यादेखत सांगायला लागेल. नाही सांगितलं, तर गाडी पुण्याला.”

मृदुला गाडीजवळ उकिडवी बसली. मुलांना वाईट बातमी कशी द्यावी यावरचे तीन लेख तिनं वाचले होते. त्यातलं एकही वाक्य आठवेना. तिनं टाकीवर हात ठेवला.

“हे बघ,” ती म्हणाली, “मी खोटं बोलले. गावाला नाही गेले कुणी. कंपनी बंद पडली. कुलूप लागलं तिला. आता तुझं काही तिकडून येणार नाही. काही दुखलंखुपलं तर आम्हाला सांगायचं. मिरजेत एक लेथवाले काका आहेत, ते करून देतील. अगदी तसंच नाही होणार. पण ते करतील तेव्हा मी तिथं उभी राहीन. तुला एकटीला सोडून भाजी आणायला जाणार नाही.”

गाडीचा दिवा एकदा लागला आणि विझला. किल्ली वर, फ्लॅटमध्ये, खुंटीला होती.

मग खालून टप् असा आवाज झाला. इंजिनखाली घडी करून घातलेल्या डबलबेडच्या चादरीवर तेलाचा डाग पसरला. हणबर वाकले.

“हे कधीपासून?”

“आठ दिवस झाले,” मृदुला म्हणाली. लपवण्यात अर्थ नव्हता. “आधी कधीच नव्हतं हिला. रोज चादर बदलते.”

“या दिवसांत होतंच तसं. पण पुण्याची फरशी कोरडी आहे, वहिनी. मला लिहावं लागेल.” त्यांनी बराच वेळ कागदाकडे बघितलं. “अशा वेळी आधीच्या अपत्याची साक्ष घेतात. ती शेवटची.”

ते पायरीपाशी गेले. “बाळ, कुणी चादर ओली केली तर आई काय करते?”

मृदुलाला बोलायचं होतं. हणबरांनी हात वर केला.

ऋजुतानं लाडवाचा कण जिभेनं टिपला. “आधी ओरडते,” ती म्हणाली.

मृदुलानं डोळे मिटले.

“मग तीच रडते. मग जवळ येऊन बसते. मग आम्ही दोघी चादर धुतो.”

“रोज?”

“ओली झाली की.”

हणबरांनी टोपण काढलं. दोन ओळी लिहिल्या, सही केली, शिक्क्यावर फुंकून तो कागदावर दाबला. मृदुलाला कागद उलटा दिसत होता, तरी वाचता आला: गाडी याच घरी राहील.

भरतेश ट्रे घेऊन जिन्यात उभा होता. चहावर साय धरली होती. कुणी कप उचलेना.

ऋजुता पायरीवरून उठली, गाडीखाली वाकून तिनं चादरीचं एक टोक ओढून बघितलं, आणि हणबरांना म्हणाली, “हिची खूप मोठी आहे, काका. पिळायला तुम्ही पण लागाल.”