दाराखालून गेलेले टॉर्च

खट्.

घर शांत होतं, म्हणून तो आवाज जरा जास्तच ऐकू आला. अडगळीच्या खोलीत, जुना पाळणा आणि बंद पडलेला पंखा यांच्या मधे मांडी घालून बसलेल्या आईने हातातला टॉर्च दाराकडे वळवला. दार बंद होतं. ते तिनेच लोटलं होतं, अंधार व्हावा म्हणून. पण कडी बाहेरच्या अंगाला होती, आणि ती काही तिने लावलेली नव्हती.

"ठकू?"

दारापलीकडे कुणीतरी नाक ओढलं.

"ठकू, तू झोपली होतीस ना?"

"झोपून झालं."

"कडी लावलीस का बाळा?"

"हो," ठकू म्हणाली. आवाजात शाबासकीची वाट पाहणं होतं. "दार नुसतं लोटलेलं होतं. तूच म्हणतेस ना, त्या खोलीतून झुरळं येतात, कडी लावत जा."

म्हणत होती खरी. लेकीने आपलं एक तरी वाक्य ऐकावं म्हणून या बाईने चार वर्षं जिवाचं रान केलं होतं, आणि ऐकायला लेकीने नेमकी हीच दुपार निवडली होती.

"शहाणी गं माझी. आता काढ बघू."

बाहेर खुडबूड झाली. मग दोन-चार उसासे ऐकू आले.

"निघत नाही. ही फक्त लावायचीच आहे."

कडी खालची होती, आडवी सरकणारी, आणि भलतीच घट्ट. तिला तेल घालायचं काम घरातल्या थोरल्या मंडळींनी एकमेकांवर ढकलून ठेवलेलं होतं. ठकूला ती ढकलून लावता आली, पण परत मागे ओढायची म्हणजे चिमटीत जोर हवा, आणि ठकूचा सगळा जोर तूर्तास जिभेत होता.

त्याचं असं होतं. ठकू व्हायच्या आधी तिची आई घरगुती वस्तू विकणाऱ्या एका कंपनीत, तपासणी खात्यात होती. छत्री असो की किटली, तिच्या हातात उलटीपालटी झाल्याशिवाय दुकानात जात नसे. मग ठकू आली, आणि आई फक्त दूध किती गरम आहे तेवढं तपासू लागली. आता इतक्या दिवसांनी जुन्या मॅडमनी छोट्या एलईडी टॉर्चचं एक खोकं घरी पाठवलं होतं. बांधणी कशी, वापरायला सोपा कुठला, दुकानात कुठला ठेवावा, ते सांग म्हणाल्या होत्या.

"घरून जमेल ना तुला?" मॅडमनी विचारलं होतं.

"न जमायला काय झालं? मुलगी दुपारी अशी झोपते, कानाशी ढोल वाजवला तरी उठायची नाही."

"बघू. जमलं तर दर आठवड्याला खोकं येईल. नाही जमलं तर तेच टॉर्च मी आणखी एका मुलीला दिलेत. बिनलग्नाची आहे."

निकाल ऐकायला मॅडम आज दुपारी फोन करणार होत्या. टॉर्च तपासायचा तर अंधार हवा. रात्री ठकू अंगावरून उतरत नाही, दुपारी घरभर ऊन. उरली ही अडगळीची खोली. आणि आता फोन बाहेर, किल्ल्या बाहेर, लेक बाहेर. आत नुसता उजेड होता, तो मात्र भरपूर.

गॅस बंद होता, गॅलरीची कडी उंचावर होती, एवढं तिने मनातल्या मनात फिरून पाहिलं. तरी कंटाळलेलं मूल आणि उघडा नळ यांच्यात अंतर ते किती असतं? काहीही करून ठकूला दारापाशी धरून ठेवायला हवं होतं. तेवढ्यात ठकूच म्हणाली, "आई, तुझ्या दाराखालून ऊन येतंय."

"हवंय तुला?" आईने विचारलं, आणि सगळ्यांत चपटा, धातूचा टॉर्च फटीतून बाहेर सरकवला. या टॉर्चविषयी तिचं मत फारच चांगलं झालं होतं. दिसायला देखणा, हाताला गार, आणि खिशात चुकून लागू नये म्हणून बटण मुद्दाम घट्ट ठेवलेलं.

"दाब बघू बटण."

"दाबलं."

"लागला?"

"नाही. रुसलाय."

"जरा वेळ दाबून धर."

बाहेर थोडं कुंथणं झालं. मग टॉर्च आल्या वाटेने परत आत आला. "हा नको. माझ्या बोटाला खड्डा पडला."

आईने तो उचलून पाहिला. मग स्वतःचा अंगठा पाहिला. खड्डा तिथेही होता. आपण शिकलेली माणसं, असल्या खड्ड्याला सोय म्हणतो.

दुसरा गेला तो गोल, गुळगुळीत, लिपस्टिकएवढा. तो एका दाबात लागला. ठकू खूश झाली, आईही झाली, आणि लगेच ठकू म्हणाली, "गेला."

"विझला?"

"विझला नाही. पळाला. खाली ठेवला तर गडगडत सोफ्याखाली गेला. तिथे माझा लाल मोजा पण आहे."

"तू नको जाऊस आत. इथेच बस."

"मोजा एकटाच आहे आई."

"असू दे. आता त्याला टॉर्चची सोबत आहे."

तिने तो टॉर्च सकाळपासून मुठीतच धरला होता. जमिनीवर ठेवून पाहायचं तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. ती जरा ओशाळली, आणि तिसरा पुढे केला. या तिसऱ्याचा तर तिला अभिमान वाटत होता. एका बटणात सहा तऱ्हांचे उजेड.

"आई, हा डोळे मिचकावतोय."

"परत दाब."

"आता जास्त मिचकावतोय."

"परत."

"आता थांबून थांबून मिचकावतोय. याला झोपवायचं कसं?"

हे खरं म्हणजे आईलाही खोक्यातला कागद पाहूनच कळलं होतं, आणि कागद आता पाळण्याखाली कुठेतरी होता.

"मी याच्यावर बसू का?" ठकूने विचारलं.

"बस."

आणि फोन वाजला.

"ठकू, उचलू नकोस हं. आपण नंतर..."

"हॅलो," ठकू स्वयंपाकघरातून म्हणाली. तिला फोन उचलता येत होता, स्पीकर लावता येत होता, फोटोसुद्धा काढता येत होते. कडी तेवढी काढता येत नव्हती.

"कोण बोलतंय?" मॅडमचा आवाज ठकूच्या पावलांबरोबर दारापर्यंत आला.

"मी ठकू. मी टॉर्चवर बसले होते, पण तुमचा फोन आला म्हणून उठले."

"बरं. आई कुठाय?"

"अडगळीत."

"तिथे काय करतेय?"

"बोलतेय."

आई पालथी पडली आणि तोंड फटीला लावलं. "मॅडम, नमस्कार. इथेच आहे मी. उजेड तपासायला अंधार लागतो ना, म्हणून."

"आवाज तळघरातून आल्यासारखा येतोय तुझा."

"खोली जरा लहान आहे."

"मुलगी झोपते म्हणाली होतीस."

"आत्ताच उठली, मॅडम."

"मी मघाशीच उठले," ठकू म्हणाली. तिला खोटं चालत नसे. "मी कडी पण लावली. आता निघत नाही. आई अडकली."

आईने कपाळ फरशीवर टेकलं. फरशी गार होती, एवढंच काय ते बरं. बिनलग्नाची ती मुलगी तिच्या डोळ्यांपुढे, स्वच्छ टेबलापाशी, पाय सोडून निवांत बसली होती.

"घरात दुसरं कुणी नाही?" मॅडमनी विचारलं.

"हे संध्याकाळी येतात."

"करू का त्यांना फोन?"

मदत हाताशी होती. हो म्हटलं की नवरा धावत येणार, कडी काढणार, आणि सुटका होणार. दर आठवड्याच्या खोक्यापासूनही.

"नको मॅडम. जरा थांबा."

शेवटचा टॉर्च तिने सकाळीच बाजूला टाकला होता. पिवळा, प्लास्टिकचा, आणि उजेड असा की काजव्याने कीव करावी. पण त्याच्या शेपटाला विणलेल्या दोरीचा चांगला जाड फास होता. तिने तो फटीतून लोटला.

"ठकू, कडीला ती वर आलेली दांडी आहे ना? तिच्यात ही दोरी अडकव. दप्तर खुंटीला अडकवतेस ना, तशी."

"अडकली."

"आता टॉर्च दोन्ही हातांनी धर, आणि सोफ्याच्या बाजूला सरक. बसून सरक."

"थांब," मॅडम म्हणाल्या. "दोरी बांधलीय ते कडं कसलंय?"

"प्लास्टिकचंच. पण टॉर्चच्या अंगाबरोबरच ओतलंय, वरून चिकटवलेलं नाही."

"तुटेल."

"नाही तुटायचं, मॅडम. मी हिसके देऊन बघितलंय."

"बरं. ओढ गं ठकू. तुटलं तर मला सांग."

ठकूने ओढलं. कडी कुरकुरली, थांबली, पुन्हा कुरकुरली. मग धप्प असा आवाज झाला आणि दार आपसूक आत सरकलं. बाहेर ठकू पाय पसरून बसली होती. पिवळा टॉर्च तिच्या पोटाशी होता, ओढताना बटण दाबलं जाऊन लागलेला.

"नाही तुटलं," तिने फोनला सांगितलं.

आईने आधी तिला मांडीवर घेतलं, मग फोन कानाला लावला, आणि उंबऱ्यात बसूनच निकाल सांगितला. धातूचा नको, त्याचं बटण पोराटोरांना काय, म्हाताऱ्यांनाही दाबवणार नाही. गोल नको, खाली ठेवला की बेपत्ता होतो. सहा उजेडांचा तर नकोच, त्याला बंद करायला वर बसावं लागतं. "पिवळा ठेवा. उजेड बेताचा आहे, ते मी लपवत नाही. पण कुणाच्याही हाताला ऐकतो, आणि ओढला तरी मोडत नाही."

"याला तपासणी म्हणायची?"

"हो मॅडम."

मॅडमनी कागद चाळले. "त्या मुलीने उजेडाचे आकडे पाठवलेत. सगळे बरोबर आहेत. खोक्यावरही तेच छापलेत." मग खोकल्या. "पुढच्या आठवड्याचं खोकं तुझ्याकडे पाठवते."

"काय आहे त्यात?"

"दाराच्या कड्या. लहान मुलांना उघडता न येणाऱ्या. बाहेरच्या बाजूला बसून तपास."

फोन बंद झाला तेव्हा आईला एकदम हलकं हलकं वाटलं. डोक्यातलं सगळं ताजं होतं, आत्ताच लिहून काढलं तर बरं. तिने ठकूला मांडीवरून उतरवलं आणि कागद-पेन शोधता शोधता म्हणाली, "तू छान चित्र काढ हं जरा. माझं एवढं होऊ दे, मग खेळू आपण."

ठकूने हट्ट केला नाही. ती अडगळीच्या दारात उभी राहून आत पाहत होती.

"आई, तू आत होतीस तेव्हा सारखी माझ्याशीच बोलत होतीस."

"हो गं."

"मग परत कधी अडकशील?"