काप्तानसमोर वाचन

प्रशिक्षित कुत्रीला उलट्या होताहेत, ती येणार नाही, असं मुंबईच्या संस्थेनं ऐन वेळी कळवलं आणि शाळेत शैलाबाईंची धावपळ उडाली. कुत्रा ऐकत बसला की लाजरी मुलंही मोठ्यानं वाचतात, हे शिक्षण विस्तार अधिकारी दिग्विजयसाहेबांना त्यांनीच पटवलं होतं. साहेब तर बोईसरहून निघालेही होते. तिसरीतल्या मेघालीनं वर्षभर वर्गात तोंड उघडलं नव्हतं. आजही तिनं वाचलं नाही, तर तिच्या नावापुढे 'अप्रगत' पडणार होतं.

शेवटी बाईंनी दांडी गावच्या धर्माजींचा कुत्रा, काप्तान, मागवला. बोंबलांच्या वाळवणाखाली तो पाहावं तेव्हा झोपलेला असायचा. धर्माजी त्याला शाळेत सोडून बंदरावर गेले.

वर्गात बाई, मेघाली आणि साहेब एवढेच होते. बाई माहिती सांगत होत्या तोवर काप्तान घोरत होता. त्या थांबल्या आणि तो उठून साहेबांवर गुरगुरला. साहेब वयाला न शोभणाऱ्या चपळाईनं टेबलावर चढले.

बाईंनी धर्माजींना फोन लावला.

"वाळवणापाशी मी सारका बडबडतो ना बाय," धर्माजी म्हणाले. "आवाज बंद झाला का त्याला वाटतं, मालक गेला, आता राखण आपली. मग परक्याला हलू देत नाय. कोणतरी बोलत रावा. आनि मला न्यायला या, चालत अर्धा तास लागंल."

मेघाली दांडीचीच, तिला काप्तानची ओळख होती. तिच्या हाती पुस्तक देऊन बाई स्कूटीवर पळाल्या. वर्ग शांत झाला. काप्ताननं टेबलावर पुढचे पाय ठेवले.

"वाच गं बाळा," साहेब कसेबसे म्हणाले.

"तुमीच बोला ना, सायेब."

पण साहेबांनी पाय वर ओढून डोळे घट्ट मिटून घेतले होते. मेघालीला त्यांची दया आली. तिनं पुस्तक उघडलं. पहिली ओळ अडखळली, दुसरी बरी गेली, तिसरीला काप्तान तिच्या पायावर डोकं ठेवून झोपला. पुस्तक संपलं. भिंतीवरच्या पोषण आहाराच्या तक्त्यातली मटकीची उसळ, वरणभात, सगळा आठवडा वाचून झाला. मग तिनं साहेबांचा खाली पडलेला कागद उचलला.

"'मेघाली. मोठ्याने वाचन करीत नाही. शेरा: अप्रगत.'" ती थांबली. "हे कदी लिवलं, सायेब?"

साहेबांनी ते येतानाच गाडीत लिहिलं होतं. ते खिशातलं पेन चाचपू लागले. तेवढ्यात काप्ताननं एक डोळा उघडला.

"पुढं नाय काय. आता काय वाचू?"

"दे इकडे, लिहून देतो," साहेब घाईनं म्हणाले.

"'वाचन स्पष्ट. आवाज खणखणीत. धीट मुलगी,'" मेघाली वाचत गेली.

शैलाबाई धर्माजींना घेऊन आल्या तेव्हा साहेब टेबलावर उकिडवे बसून तिसरा कागद लिहीत होते, आणि मेघाली खालून हात लांब करून विचारत होती, "झालं का, सायेब?"