नंदकुमारच्या डोक्यासंबंधीचा ठराव

माणसाच्या डोक्यावरचे केस ही त्याची खाजगी मालमत्ता असते, असा एक गैरसमज समाजात फार खोलवर रुजलेला आहे. वस्तुस्थिती तशी नाही. केस धुवायचे, विंचरायचे आणि वेळोवेळी कापून आणायचे, एवढंच काम त्या इसमाकडे असतं. मालकी सार्वजनिक असते. केस जागेवर आहेत तोवर मालकमंडळी गप्प बसतात, म्हणून हे कोणाच्या ध्यानात येत नाही. ते गळायला लागले, की सगळे मालक एकदम दारात हजर होतात.

घाटकोपरच्या भटवाडीत राहणाऱ्या नंदकुमारकडे ते १९८५ साली आले. नंदकुमार तेव्हा पंचविशीत होता. विक्रोळीच्या एका कारखान्यात स्टोअरमध्ये कारकून, नोकरी पक्की, स्वभाव गरीब, नाक सरळ. फक्त कपाळ दर दिवाळीला बोटभर मागे सरकत होतं. त्याची आई प्रेमा दर रविवारी त्याला पाटावर बसवून टाळूवर माक्याचं तेल थापायची आणि थापता थापता म्हणायची, "माझ्या बाबांचं डोकं बघायला हवं होतंस. मरेपर्यंत जंगल! हे सगळं तुझ्या बापाच्या घराण्यातलं." बाप, म्हणजे अनंता, पेपरातून डोकं वर काढायचा नाही. (डोकं वर काढलं असतं तर पुरावाच दिसला असता.)

हे सगळं चालून गेलं असतं, पण मध्ये रत्नप्रभा आली. मुलुंडची मुलगी, टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरीला, बोलायला रोखठोक. तिच्याकडे गेलेला नंदकुमारचा फोटो तीन वर्षांपूर्वीचा होता, म्हणजे केसांच्या हिशेबाने मागच्या युगातला. बघायच्या कार्यक्रमात पाच मिनिटं दोघांना बाल्कनीत उभं केलं, तेव्हा तिने सरळ विचारलं, "फोटोत जास्त होते ना?"

"हो," नंदकुमार म्हणाला.

"चला, खोटं तरी नाही बोललात," ती म्हणाली आणि हसली. त्या हसण्यावर नंदकुमार साफ गेला. आता लग्न करायचं तर हिच्याशीच, नाहीतर जन्मभर माक्याचं तेल. पण तिच्या वडिलांना मुलगा जरा पोक्त वाटला. "बघू, कळवतो," ते म्हणाले. शिवाय मालाडचा एक बँकवाला रांगेत होता, आणि त्याचे केस कपाळावरून बाजूला सारावे लागत होते.

म्हणून नंदकुमारने अंधेरीच्या एका डॉक्टरांची माहिती काढली. ते डोक्याच्या मागचे केस मुळासकट काढून पुढे लावत. करावं की थांबावं, एवढंच त्याला ठरवायचं होतं. ही गोष्ट त्याने फक्त आईला सांगितली. आईनेही ती फार जपून, एकेकालाच सांगितली, आणि संध्याकाळपर्यंत ती मंडळाच्या विषयपत्रिकेवर आली.

आंबेखोल ग्रामोन्नती मंडळ, मुंबई, ही संस्था कोणाही सभासदाला एकटं पडू देत नाही, हे इथे कौतुकाने नमूद केलं पाहिजे. गावच्या ओढ्यावर पूल व्हावा म्हणून मंडळाने आजवर नऊ ठराव एकमताने मंजूर केले आहेत. (पूल व्हायचा आहे.) अध्यक्ष गुणाजीकाका. गिरणी बंद पडल्यापासून त्यांना बैठकीवाचून दुसरा उद्योग उरला नव्हता आणि माणूस तर हुशारी आणि उत्साहाने नुसता फसफसत होता. चिटणीस चंद्रप्रकाश, नंदकुमारच्याच कारखान्यात डिस्पॅचला. त्याचे केस कानांवरून उतरून कॉलरवर टेकलेले असत आणि मागच्या खिशात कंगवा. मंडळात केसांविषयी अधिकाराने बोलू शकेल असा तो एकटाच होता आणि हे तो स्वतःच सांगायचा.

बैठकीत तीन मतप्रवाह दिसून आले. केस लावावेत, असा एक. देवाने दिलं तेवढ्यात भागवावं, असा दुसरा. आणि आधी पुलाचं काय झालं ते सांगा, असा तिसरा (हा प्रत्येक बैठकीत असतो). शेवटी गुणाजीकाका, चंद्रप्रकाश आणि अनंता अशी तिघांची उपसमिती नेमून अंधेरीला धाडण्यात आली. नंदकुमारही गेला, कारण डोकं त्याच्याकडे होतं. पण तो उपसमितीवर नसल्यामुळे त्याला बाहेर कंपाउंडरजवळ बसवलं.

डॉक्टर समजावून सांगू लागले तसा गुणाजीकाकांचा चेहरा उजळला. तिशीपर्यंत त्यांनी गावी भातशेती केली होती.

"म्हणजे तरव्यातली रोपं काढायची आणि खाचरात लावायची. एवढंच ना?"

डॉक्टरांनी भात ताटातच पाहिला होता. ते हो म्हणाले.

"एका चुडात किती काड्या?"

"एका ठिकाणी दहापंधरा केस येतात."

"छे छे! दाट होतंय. चार पुरे, फुटवा येतो. आणि चिखल कोण करणार? बांध नीट घालता ना? नाहीतर पहिल्या पाण्याला सगळं वाहून जायचं, वाट लागेल."

डॉक्टरांनी पाण्याचा विषय टाळला. मुलाचं वय लहान आहे, अजून किती केस जातील याचा भरवसा नाही, आता पुढे लावले आणि उद्या मधले गेले तर पुढे नुसता पट्टा उरेल आणि मागे मैदान, असं त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं. नंदकुमारला नेमकं हेच विचारायचं होतं. तो बाहेर होता. उपसमितीने मात्र डॉक्टरांचं शेवटचं वाक्य तेवढं पकडलं: लावल्यावर वर्षभर डोक्याला वस्तरा लावायचा नाही.

अडचण तिथेच होती. आंबेखोलच्या भावकीत कोणीही म्हातारा गेला तरी सगळ्या पुरुषांनी गोटा करायचा असतो. ही चाल मोडणं शक्य नव्हतं. मुंबईकरांना रजेची अडचण म्हणून मंडळाने त्यात एकच सुधारणा केली होती. बातमी आली की येणाऱ्या पहिल्या रविवारी सगळ्यांनी उरकून घ्यायचं. बातमी यायची ती विक्रोळीच्या कारखान्यात, स्टोअरच्या फोनवर; भावकीत फोनजवळ बसणारा एकटा नंदकुमारच. आजवरचे सगळे म्हातारे त्याच्याच कानात गेले होते.

आणि गावी ऐंशीच्या पुढचे चार म्हातारे शिल्लक होते.

दुसऱ्या कोणत्याही मंडळाने इथे हात टेकले असते. आंबेखोल मंडळाने ठराव केला, की केशरोपणानंतरचं एक वर्ष भावकीतल्या ज्येष्ठांनी, अगदीच नाइलाज झाल्याखेरीज, जाऊ नये. ठराव एकमताने संमत झाला. तो घेऊन एक माणूस गावी गेला, सोबत चार स्वेटर, च्यवनप्राशचे डबे आणि खोकल्याची औषधं. चौघांपैकी तिघे नुसतेच खूश झाले. थोरले धोंडूआजे मात्र शहाणे. "पोराच्या केसांसाठी माका जगूचा आसा तर जगतंय," ते म्हणाले. "पण माका चष्मो व्हयो. आणि ह्या स्वेटराक खिसो नाय." चष्मा गेला. खिशाचा स्वेटर गेला. मग रेडिओ गेला. धोंडूआजे दिवसेंदिवस टवटवीत होत चालले आणि इकडे काळजीने नंदकुमारचे उरलेले केस गळायला लागले.

असे दोन महिने गेले. केस लावावेत की नाही, हे ठरलं नाही ते नाहीच. नंदकुमारला कोणी विचारलं नाही. एकदा बैठकीत त्याने हात वर केला होता, पण गुणाजीकाका म्हणाले, "थांब रे बाबा, तुझ्याच डोक्याचं चाललंय ना!"

तुळशीच्या लग्नाआधीच्या शनिवारी, कारखाना सुटायच्या सुमारास, स्टोअरचा फोन वाजला.

"रत्नप्रभा बोलतेय, मुलुंडहून. तुमच्या केसांचं इकडेही कळलंय. झालं का ठरवून?"

"उद्या बैठक आहे," नंदकुमार म्हणाला. "मंडळ म्हणेल तसं..."

"मला मंडळाशी लग्न करायचं नाहीये. तुम्हाला काय वाटतं?"

हा प्रश्न नंदकुमारला नवीन होता.

"हे बघा," ती म्हणाली, "बाबा मालाडवाल्याला सोमवारी होकार कळवणार आहेत. उद्या संध्याकाळी घरी या. केस घेऊन या, नाहीतर केसांशिवाय या, माझं काही म्हणणं नाही. फक्त समिती घेऊन येऊ नका." आणि तिने फोन ठेवला.

चंद्रप्रकाश तेवढ्यात मालाचं चलन घेऊन दारात आला होता. त्याने फक्त इकडची बाजू पाहिली. नंदकुमारचा चेहरा उतरला, मग रिसीव्हर ठेवून तो तांब्याभर पाणी प्यायला आणि तसाच बाहेर पडला.

नंदकुमार कारखान्यातून जो निघाला तो तडक विक्रोळी स्टेशनजवळच्या सलूनमध्ये शिरला. बाप जिवंत असताना कारणावाचून असलं करायचं नसतं, हे त्याला ठाऊक होतं. पण डोकं एकदा तरी आपण वापरून बघावं, असं त्याला आयुष्यात पहिल्यांदाच वाटलं. "काढ सगळे," तो न्हाव्याला म्हणाला. काम लवकर झालं. बरंचसं आधीच झालेलं होतं. बाहेर आल्यावर टाळूला वारा लागला आणि त्याला एवढं हलकं वाटलं, की तो घाटकोपरपर्यंत चालत आला.

घरी आईने त्याच्याकडे पाहिलं. तिने चुलीवरचं सुरमईचं कालवण मुकाट्याने उतरवून झाकून ठेवलं, कोपऱ्यात बसली आणि पदर तोंडाला लावून रडायला लागली.

"रडू नकोस गं," नंदकुमार म्हणाला. "तीन महिन्यांत परत येतील."

ते ऐकून ती जास्तच रडली. पोराने फारच मनाला लावून घेतलंय, असं तिला वाटलं. अनंता चपला घालून गुणाजीकाकांकडे गेला.

तिथे चंद्रप्रकाशने आधीच साक्ष दिली होती. "मी स्वतः बघितलं ना! फोन आला नि याचा चेहराच पडला यार." चौघांपैकी कोण, एवढाच प्रश्न होता. वय आणि नुकताच गेलेला रेडिओ लक्षात घेता धोंडूआजेच, यावर सर्वांचं एकमत झालं. नंदकुमारला विचारून घ्यावं, असं कोणीतरी सुचवलं. गुणाजीकाकांनी डोळे पुसले. "नको. पोर आधीच खचलंय. विचारून कशाला त्रास द्यायचा?" त्या माणसाचं मन खरोखरच मोठं.

रविवारी सकाळी भटवाडीतल्या सलूनबाहेर अख्खी भावकी ओळीत बसली. अनंताने केला. गुणाजीकाकांनी केला. चंद्रप्रकाशने "नुसतं बारीक केलं तर चालेल ना?" असं दोनतीनदा विचारून पाहिलं, मग त्याचाही झाला. त्याचे केस खाली पडले तेव्हा त्याने डोळे मिटून घेतले होते. टॉवेल झटकेपर्यंत त्याच्या खिशातला कंगवा एका पोराने पळवला.

साडेनऊच्या सुमारास, रात्रीच्या एस्टीने आलेले धोंडूआजे काठी टेकत, नव्या चष्म्यातून बघत बघत तिथे येऊन उभे राहिले. रेडिओ खरखर करतो, ही तक्रार ते जातीने घेऊन आले होते. त्यांनी ओळीने सगळी चकचकीत डोकी पाहिली.

"कोण मेलो रे?"

कोणी बोलेना. बोलणार काय, कपाळ?

"भावकीतलो माणूस गेलो आणि माका कोणी सांगूक नाय?" आजे भडकले, मग वरमले. शेवटी चालीला धरून वागणारा माणूस. कोणी तोंड उघडायच्या आत ते खुर्चीत जाऊन बसले आणि त्यांनीही गोटा करून घेतला. स्वतःच्या मरणाचा गोटा रीतसर केलेला आंबेखोलमधला हा पहिलाच माणूस.

दुपारी मंडळाची तातडीची बैठक भरली. परवानगीवाचून डोक्याचा वापर केल्याबद्दल नंदकुमारचा निषेध करण्याचा विषय होता. नंदकुमार तिथे नव्हता. तो इस्त्रीचा शर्ट घालून एकटाच मुलुंडला गेला होता.

दार रत्नप्रभेने उघडलं. तिने एकदा त्याच्या डोक्याकडे पाहिलं, मग त्याच्या मागे जिन्यात डोकावून पाहिलं. जिन्यात कोणी नव्हतं.

"कोणी सांगितलं करायला?"

"कोणी नाही," नंदकुमार म्हणाला. हे बोलताना त्याला इतका आनंद झाला, की कान लाल झाले. (आता त्यांना लपायला जागाही नव्हती.)

तिचे वडील आतून आले आणि गडबडले. "अरेरे! कोण गेलं हो?"

"समिती गेली, बाबा," रत्नप्रभा म्हणाली. "या, आत या. चहा टाकते."

लग्न महिन्याभरात झालं. लग्नातला ग्रुप फोटो बघण्यासारखा आहे. नवऱ्याकडच्या सगळ्या पुरुषांच्या डोक्यावर सारखेच बारीक खुंट, मध्ये धोंडूआजे रेडिओ मांडीवर घेऊन बसलेले. सगळ्यात दुःखी दिसतो तो चंद्रप्रकाश.

केशरोपणाचा मूळ विषय मात्र मंडळाच्या दप्तरी अजून उघडा आहे, कारण उपसमितीचा अहवाल यायचा आहे. मंडळाला नव्या सभासदांची गरज आहे आणि ते सापडायला वेळ लागत नाही. हे वाचता वाचता तुमच्याही मनात येऊन गेलंच असेल, की पोराने सरळ लावून घ्यायला हवे होते, किंवा बरं झालं नाही लावले ते. गेलं ना येऊन? नंदकुमारने तुम्हाला विचारलेलं नव्हतं. पण त्यात लाजण्यासारखं काही नाही, उपसमितीला अशीच माणसं लागतात. तुमचं नाव घातलेलं आहे. बैठक रविवारी सकाळी दहाला. येताना डोकं आणलंच पाहिजे असं नाही. बाकीचे सभासदही आणत नाहीत.