राणेबाईंचा रविवार

राणेबाईंच्या शाळेत कोणीही पाय ठेवला की बाई त्याच्या हातात खडू देत. मग तो दप्तरं वाटायला आलेला देणगीदार असो, नाहीतर मीटर बघायला आलेला वायरमन. "आलात ना? मग एक तास घ्या. दहावीच्या वर्गावर कोणीच नाही."

शाळा सिल्वासाहून लांब, खानवेलच्याही पुढे, डोंगरात. शास्त्राची जागा कित्येक वर्षं भरलेली नव्हती. बाई मूळच्या मालवणकडच्या, मराठीच्या शिक्षिका. सिल्वासात सरकारी क्वार्टरमध्ये माझ्या शेजारी राहायच्या, एकट्याच. रोज पहाटेची बस पकडायच्या. मी सिल्वासातल्याच शाळेत शास्त्र शिकवतो. तिथे शास्त्राला आम्ही तिघे आहोत. हे बाईंसमोर बोलायचं मी टाळायचो. त्या मात्र कोणालाही माझी ओळख करून देताना सांगायच्या, "हो सुहास. तिघांतलो एक."

एकदा एका कारखान्याचे साहेब दप्तरं घेऊन आले. फोटो झाले, भाषण झालं, बाईंनी खडू पुढे केला. साहेब हसले. बाई हसल्या नाहीत. शेवटी साहेबांनी घाम पुसत शेकडेवारी शिकवली आणि बरी शिकवली म्हणे. जाताना ते खुशीत म्हणाले, "मजा आली हं!"

बाईंनी नेहमीचा प्रश्न टाकला, "उद्या कोण येतलो?"

या प्रश्नापायी बऱ्याच संस्था पुन्हा फिरकल्या नाहीत. पोरांच्या घरी देणगीतल्या दप्तरांचा ढीग झाला होता. मुलं एकातून भाजी आणत, एकात शेंगा भरत. "दप्तर तीन, मास्तर शून्य," बाई म्हणत. रागावून नाही. राग केव्हाच संपला होता. बसची वेळ सांगावी तसं म्हणत.

मग मुंबईच्या एका संस्थेनं अनघा नावाची मुलगी दोन वर्षांसाठी पाठवली. विज्ञानाची पदवीधर, खानवेलला खोली घेऊन राहिलेली. बाई पहिल्या महिन्यात तिच्याशी धड बोलल्या नाहीत. "जातली ती," म्हणायच्या. पण दुसऱ्या वर्षी त्यांच्या तोंडी अनघाशिवाय दुसरं नाव नसे. अनघानं काचेच्या बरणीत काय केलं, पोरांनी तिला काय विचारलं, सगळं मला बसस्टॉपपासून घरापर्यंत ऐकावं लागे.

दोन वर्षं संपली. संस्थेचं पत्र आलं, की इथलं काम चांगलं झालं असून आता दुसऱ्या जिल्ह्यात जास्त गरज आहे. बाईंनी अनघाला घरी बोलावून घावणे खाऊ घातले, बसमध्ये बसवून दिलं. मला एवढंच म्हणाल्या, "त्यांचाय खोटा नाय रे. गरज सगळीकडेच आसा."

जूनमधल्या एका रविवारी सकाळी बाई वही घेऊन माझ्या दारात.

"शिकव."

"कोणाला?"

"माका. वीज. एकसर आणि समांतर जोडणी."

छप्पन्न वर्षांच्या बाई माझ्या मुलीच्या अभ्यासाच्या टेबलाशी बसल्या. मी आकृती काढली. त्यांना कळेना. परत काढली. त्यांनी पुस्तक लिहिणाऱ्यांचा मालवणीत उद्धार केला. तिसऱ्यांदाही कळलं नाही, तेव्हा मी म्हणालो, "बाई, मीच शनिवारी येत जाईन तुमच्या शाळेत."

"किती शनिवार?"

उत्तराची त्यांनी फार वेळ वाट पाहिली नाही, वहीचं पान उलटलं.

"सविता म्हणून एक पोरगी आहे," त्या वहीकडे बघत म्हणाल्या. "मागच्या आठवड्यात शास्त्राचा तास मीच घेतला, तर फळ्यासमोर अडले. विचारलेलं तिनंच, एक दिवा गेला की माळेतले सगळे का जातात. मी नुसती उभी. तर ती म्हणते, 'बाई, राहू दे. आम्ही पाठ करू.'"

मी पेन्सिलला टोक काढायला घेतलं.

"माझी कीव आली रे तिला. मला त्रास नको म्हणून तिनं विचारणंच सोडलं. आता वर्गात कोणीच काही विचारत नाही." त्यांनी चष्मा काढला, पदरानं उगाच पुसला. "चल. परत काढ."

दुपारी जेवणाच्या वेळेपर्यंत बसलो. शेवटी त्यांनी पेन्सिल माझ्या हातून घेतली आणि सगळं मलाच समजावून सांगितलं. एका ठिकाणी चुकल्या. मी सांगितलं, त्यांनी दुरुस्त केलं.

सोमवारी पहाटे दूध आणायला निघालो, तर बसस्टॉपवर बाई उभ्या. खानवेलची बस यायची होती. त्या हवेत बोटानं दोन समांतर रेघा काढत होत्या, ओठ हलत होते. परीक्षेच्या दिवशी पोरं उभी राहतात तशा. मी हाक मारली नाही. बस येईपर्यंत रस्त्याच्या अलीकडेच थांबलो.