क्रमांक अकराची बढती

कोणत्याही जमातीची खरी ओळख तिच्या सेवाज्येष्ठता यादीवरून पटते. माणसांच्या बाबतीत हे सर्वमान्य आहे. पोपटांच्या बाबतीत ते सिद्ध करण्याचं श्रेय माझ्या वडिलांकडे जातं.

बाबा पेठ तालुक्याच्या एका कचेरीत अव्वल कारकून होते आणि अव्वल कारकून म्हणूनच निवृत्त झाले. नंतर इंदिरानगरच्या आमच्या बाल्कनीत ते नागलीची कणसं टांगू लागले (त्यांचा जुना शिपाई बहिरू दर हंगामात पिशवी भरून पाठवायचा) आणि कणसांवर टोई पोपट येऊ लागले. टोई नेहमीच्या पोपटाहून लहान, निळ्या शेपटीचा, स्वभावानं गडबड्या. बाबांनी एक कोरी वही काढली, उभ्या रेघा मारल्या आणि वर्गवारी केली ती अशी:

वर्ग एक. डोकं जांभळट लाल, गळ्याला काळी पट्टी, खांद्यावर लाल बिल्ला.
वर्ग तीन. डोकं करडं. बिल्ला नाही.
रोजंदारी. डोकं हिरवं. कणीस खाली पाडतात.

(वर्ग दोन का नाही, असं मी विचारलं. "तिथं कोणी टिकत नाही," बाबा म्हणाले.)

सात वर्षांच्या निरीक्षणातून त्यांनी पुढे असं दाखवून दिलं, की रोजंदारीवाले वर्षभरात करड्या डोक्यावर कायम होतात आणि त्यातल्या साधारण निम्म्यांना तिसऱ्या वर्षी लाल डोकं मिळतं. उरलेल्या निम्म्यांना कधीच मिळत नाही. गुणवत्तेशी याचा काही संबंध नाही. एकदा लाल डोक्याचा पोपट करड्या डोक्याला चोचीत चोच घालून भरवताना दिसला. बाबांनी कॅलेंडरकडे पाहिलं आणि म्हणाले, "मार्चअखेर. साहेब लोक आता गोडच वागणार."

आता शास्त्र काय म्हणतं तेही नोंदवायला हवं. लाल डोकं नराचं, करडं मादीचं, हिरवं पिल्लाचं. वयात येईपर्यंत नरही काही काळ करड्या डोक्यानं हिंडतो. पक्ष्यांच्या कुठल्याही पुस्तकात हे पहिल्या चार ओळींत असतं. माझ्याकडे अशी तीन पुस्तकं आहेत.

क्रमांक अकरा ही डाव्या पायाचं एक बोट तुटलेली, करड्या डोक्याची टोई. हजेरी चोख, वर्तणूक उत्तम, बढती नाही. बाबांना हा अन्याय सहन होत नसे. शेवटच्या मंगळवारीही चहाचा कप हातात घेऊन त्यांनी तेच विचारलं.

"पल्लवी, अकरा नंबरचं काय झालं?"

"बघते, बाबा."

"बघते म्हणजे?"

"पुस्तकात बघून सांगते."

"तुझं पुस्तक म्हणजे वरचं ऑफिस. फाइल गेली की गेली."

मी हसले आणि डबा घेऊन कामावर गेले. बुधवारी पहाटे ते झोपेतच गेले. सेवा खंडित होताना एक महिन्याची नोटीस द्यावी, हा नियम त्यांनी आयुष्यात एकदाच मोडला.

दहाव्या दिवशी आम्ही गंगेवर, रामकुंडाशी पिंड ठेवून उभे होतो. तिथले कावळे अतिशय अनुभवी. रोज एवढे पिंड त्यांच्या सहीसाठी येतात, की एखादं प्रकरण तासभर पडून राहिलं तर त्यात कुणी वाईट वाटून घेऊ नये. गेलेल्याचं काय राहिलंय ते ओळखून मोठ्यानं वचन दिलं, की कावळा शिवतो. ही पद्धत सुटसुटीत आहे. फक्त गेलेल्याची ओळख असावी लागते.

माझा भाऊ राज हैदराबादहून आला होता. तो पुढे झाला. "बाबा, फ्लॅट विकणार नाही." कावळा दोन पावलं मागं सरकला. (एजंटाचा फोन सकाळीच येऊन गेला होता.)

मग रंगूआत्या पदर सावरत म्हणाली, "दत्तू, तुझ्या पोरीचं लग्न मी लावून देते रे! आता तरी शीव!"

मी सेहेचाळीस वर्षांची आहे. कावळ्यानं पाठ फिरवली.

गुरुजींनी घड्याळ पाहिलं. "दर्भाचा कावळा करायचा का? चालतो तो."

"थांबा हो गुरुजी," आत्या म्हणाली. "पल्लवी, तू बोल काहीतरी. त्याच्याजवळ तूच होतीस. काय राहिलं होतं त्याचं?"

काय राहिलं होतं ते मला माहीत होतं. आदल्या दुपारी मी वही उघडली होती. शेवटची नोंद त्याच मंगळवारची: 'क्र. ११. सेवा सात वर्षे. पिल्ले वाढविली, अंदाजे वीस. तक्रार नाही. बढती नाही. पल्लवीकडे विचारणा केली (६१२ वेळा). खुलासा अप्राप्त. घाई नाही.'

मी पिंडासमोर हात जोडले. "बाबा, अकरा नंबर मादी आहे. तिचं डोकं करडंच राहणार. तिच्यावर कोणी अन्याय केलेला नाही."

कावळा आला, शितं उचलली आणि गेला.

"बघ, लग्नाचंच अडलं होतं," आत्या म्हणाली. राजनं फ्लॅटच्या बाजूनं मत दिलं. गुरुजी पुढच्या पिंडाकडे वळले. प्रकरण निकाली निघालं आणि मंडळी पायऱ्या चढू लागली. मी मात्र तिथंच उभी राहिले, कारण खुलासा अर्धाच झाला होता.

(पोपटांना श्रेणी लावणाऱ्या म्हाताऱ्याला वाचक एव्हाना हसले असतील. हसावं. पण आज सकाळी आपल्या घरात तोच तो प्रश्न कोणी विचारला आणि आपण कितव्यांदा 'बघतो' म्हणालो, एवढं मोजून ठेवावं. वहीत आकडा लागतो.)

"आणि हे मला पहिल्या आठवड्यातच कळलं होतं," मी मोठ्यानं म्हणाले. वरच्या पायरीवर आत्या थांबली. "सांगितलं असतं, तर दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही मला काय विचारलं असतं, बाबा?"